तिसऱ्या वाराला न मेलेला म्हैसासुर

अकोले तालुक्यातल्या आमच्या गावात बोहाड्याच्या उत्सवाला माणसं रात्रभर देवादिकांचे मुखवटे घालून नाचतात. शेवटचं सोंग चांगलं उजाडल्यावर येतं, देवी आणि म्हैसासुराच्या लढाईचं. देवीचा मुखवटा आमच्या घराण्याकडं, म्हणून नागापूर एमआयडीसीतल्या कंपनीत रजा टाकून दरवर्षी मी देवी होतो. तिसऱ्या वाराला म्हैसासुरानं पडायचं, एवढा साधा नियम.

त्या वर्षी म्हैसासुर झाले सरपंचाचे जावई, म्हणजे अख्ख्या गावाचे दाजी. आदल्या दिवशी पंचांनी सरपंचाकडं कोंबडं हाणलं आणि मला बाजूला घेतलं.

"दाजींना पाडू नको. जावयाचा मान हाय."

"मग काय देवीला हरवता?"

"न्हाई, न्हाई. बरोबरीत सोडवू."

माझं डोकंच फिरलं. देवी आणि राक्षस बरोबरीत! सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. दाजींना मरायचं सोंगही येईना. तिसरा वार झाला, दहावा झाला, दाजी आपले मोबाईलवाल्यांकडं तोंड करून नाचतायत. माझी लाकडी तलवार मोडायला आली आणि पंच झाडाखाली दात कोरत बसलेले.

तेवढ्यात आरतीचं ताट धरून ताटकळलेल्या दाजींच्या सासूबाई म्हैसासुरावर कडाडल्या, "मेल्या, मर की आता! निवद गार झाला!"

दाजी जागच्या जागी मेले.

मुखवटा निघाल्यावर त्याच सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "जावईबापू, लागलं तर न्हाई ना?"