वीस डिग्रीची खोली

वाळूजच्या आमच्या छोट्या वर्कशॉपला एकदा उपग्रहाचं काम मिळालं. सूर्याकडून पृथ्वीवर उष्णता येते किती, परत जाते किती, त्यानं हवामान कसं बदलतं, हे वरून मोजणारं यंत्र. त्यातला बोटभर उंचीचा एक पेला आमच्याकडं घडायचा होता. आतून निमुळता, म्हणजे ऊन एकदा शिरलं की बाहेर पडू नये. सगळं वर्कशॉप हवेत होतं. मीसुद्धा. औरंगपुऱ्यात चहाच्या टपरीवर अनोळखी माणसाला धरून सांगायचो.

पेला केला माझ्या जोडीदारानं. सिल्लोडकडचा, लेथवर काम करणारा टर्नर. आम्ही एका गाडीवर यायचो, एका डब्यात जेवायचो. लई नेटका हात होता त्याचा. मी तपासनीस, माझं काम काचेच्या खोलीत. तिथं एसी कायम वीस डिग्रीवर, कारण उष्णतेनं धातू केसाच्या दहाव्या हिश्श्यानं फुगला तरी माप चुकतं. धातूची काय ती काळजी! बाहेर पत्र्याखाली माणसं होती. ती फुगली काय न् वाळली काय, त्यांचं माप कोण घेतंय?

मे महिना होता. माल पाठवायच्या दिवशीच दुपारी लाइट गेली. जनरेटर होता, पण तो फक्त माझ्या खोलीला. बाहेर पंखे बंद, मशीन बंद. माणसं रिकामी कशाला बसवायची म्हणून साहेबांनी सगळ्यांच्या हातात कानशी दिल्या आणि कडा घासायला लावल्या.

तासाभरानं काचेवर टकटक झाली. जोडीदार होता. चेहरा लालबुंद, आणि घामाचा टिपूस नाही. दोन मिनिटं आत येऊ दे, अशी त्यानं खूण केली. पेला टेबलावर होता, दोन तास गार होऊन मापाला आलेला. दार उघडलं असतं तर पुन्हा दोन तास गेले असते. मी पंजा दाखवला आणि परत मापाला लागलो. मोजणं संपवून मान वर केली तर दाराशी गर्दी होती आणि तो फरशीवर पडला होता.

उष्माघातातून जगला तो. पण उजवा हात कायमचा थरथरायला लागला, जीभ जड झाली. साहेब म्हणायचे, त्याला काढलेलं नाही. पण परत कामावर बोलावलंही नाही. आणि मी? मी सगळ्यांना एकच सांगत राहिलो, माझी मान खाली होती, मला तो दिसलाच नाही. स्वतःची लाज वाटायची, पण बोलायची छाती नव्हती.

उपग्रह गेला तेव्हा वर्कशॉपमध्ये पेढे वाटले. मी पुडा घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा केला. मला म्हणाली, "भाऊजी, ते तुम्हाला दिसले असते तर तुम्ही दार उघडलं असतं. व्हय ना?"

मी व्हय म्हणालो.

तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"यानं हात केलता," तो म्हणाला. "थांब म्हणून."

माझ्या हातात अर्धा कप चहा होता. तिनं तो परत घेतला नाही, जा असंही म्हणाली नाही. तिच्यासमोर बसून मी तो संपवला.