देशपांड्यांना दिलेली खोली

चहा आधी खाली ठेवा. ठेवा हो! मागं एकाला हा किस्सा सांगितला तर त्याच्या नाकातून चहा आला, आणि त्याच्या बायकोनं बोल लावला मला. गोष्ट तशी माझीच इज्जत गेल्याची आहे. पण इतकी वर्षं झाली, आता इज्जतीचं काय घेऊन बसलात?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात कारकून, मेहकरकडचा, आणि पहिलीच नेमणूक हिंगोलीला. तेव्हा हिंगोली म्हणजे परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. छोटी रेल्वेगाडी यायची, तिची शिट्टी ऐकून लोक स्वयंपाकाला लागायचे. दुपारी सगळा बाजार झोपायचा. काय शांत दिवस होते हो ते! लग्न नुकतंच झालेलं. बायको, कमल, गावाकडं. जागा मिळाली की तिला आणायची, एवढाच एक ध्यास.

आता खोली शोधायची म्हणजे काय? गल्लीत शिरायचं आणि ओट्यावर बसलेल्या बाईला विचारायचं, "मावशी, खोली मिळंल का भाड्यानं?"

"हाय की! या, बघा. चांगली हवेशीर हाय. आडनाव काय तुमचं?"

"सरकटे."

"सरकटे म्हंजे कोण हो?"

"बौद्ध."

"अगं बाई! खोली तर कालच गेली!"

आत्ता झाडून दाखवलेली खोली, काल गेली! त्या आठवड्यात हिंगोलीत इतक्या खोल्या 'काल' गेल्या, की अख्खा परभणी जिल्हाच इथं राहायला आलाय की काय, असं मला वाटायला लागलं. हसतोय आज. तेव्हा धर्मशाळेत पडून छताकडं बघत बसायचो, आणि कमलला काय सांगावं ते सुचायचं नाही.

मग स्टेशनकडच्या बाजूला एक पत्र्याचं घर सापडलं. बाहेर बाजेवर रेल्वेतून रिटायर झालेले सूर्यभान मामा बसलेले. शेजारी त्यांची बायको, गयामामी, जवारी निवडत होती.

"खोली हाय की," मामा म्हणाले. "आडनाव काय म्हणलं तुमचं?"

आणि माझ्या तोंडातून फाडकन निघालं, "देशपांडे!"

आता कुठून आलं म्हणाल? आमच्या शाळेचे हेडमास्तर होते देशपांडे. लहानपणापासून घाबरलो की मला तेच आठवायचे!

मामांनी मामीकडं बघितलं. मामीनं जवारीकडं बघितलं.

"देशपांडे? मग… तुमाला चालंल का इथं?"

"न चालायला काय झालं?"

"थांबा जरासं," म्हणून मामा आत गेले. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाले, "घ्या खोली. आजच या राहायला."

मी उडालोच! आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, त्यांचं आडनाव नाही विचारलंस? नाही विचारलं. जो खोली देतो त्याला उलटा प्रश्न कोण विचारतं?

झालं. कचेरीत सरकटे, घरी देशपांडे. बाजारातून गणपतीची तसबीर आणून लावली. अंघोळीला बसलो की मोठ्यानं काहीतरी पुटपुटावं लागायचं. श्लोक कुठले येतात मला? मी एकोणतीसचा पाढा म्हणायचो. एकदा मामी हळूच मामांना म्हणताना ऐकलं, "हळू बोला, साहेब मंत्र म्हणून राहिले!"

आणि वास! बाजाराच्या दिवशी मामांच्या घराची दारं-खिडक्या पटापट बंद व्हायच्या, आणि फटीतून मटणाच्या रश्श्याचा असा काही वास सुटायचा! मी इकडं वरण-भातापुढं बसून डोळे मिटून घ्यायचो.

पण एक गोष्ट मला खायची. आडावर मी पाणी शेंदायला गेलो, की मामी आपली घागर उचलून लांब जाऊन उभी राहायची. चहाला म्हणून कधी बोलवायची नाही. आजवर आम्हाला बघून लोकांनी आपल्या घागरी उचलल्या होत्या. इथं एक बाई मला मान देऊन बाजूला सरकत होती! पहिल्या दिवशी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी अर्धीच घागर भरून परत फिरलो.

आणि कमल? गावी गेलो की तिचा एकच प्रश्न. "खोली घावली ना? मग मला काहून नेत न्हाई?"

"नेतो, नेतो. जरा थांब."

काय सांगणार? की चल, पण देशपांडीण होऊन चल?

अशात एप्रिल आला. आमची जयंती! घरात बसवेना. मामांना सांगितलं, "मामा, जरा औंढ्याला जाऊन येतो. नागनाथाचं दर्शन."

मामा एकदम खूश. "बराबर! जा, जा, सावकाश या. आमी बी दोघं कनेरगावला पाहुण्याकडं जाऊन राहिलो."

मी गल्लीबोळातून थेट मंडपात. निळे झेंडे, डफ, लेझीम. कितीतरी दिवसांनी माझ्या माणसांत आलो होतो. कपाळाला नीळ लावली आणि छाती फुटंस्तोवर ओरडलो, "जय भीम!"

शेजारून तितकाच मोठा आवाज आला, "जय भीम!"

वळून बघतो तर निळा फेटा बांधलेले सूर्यभान मामा!

"साहेब? तुमी औंढ्याला न्हाई गेले?"

"मामा? तुमी कनेरगावला…"

आता इथंच खरं बोलून मोकळं व्हायचं ना? पण माझी बोबडी वळली. म्हणालो, "एसटी चुकली. म्हणलं, बघावं जरा काय चाललंय." कपाळाला नीळ लावून सांगतोय बरं का हे!

मामांचे डोळे भरून आले. "देशपांडे साहेब, तुमी आमच्या जयंतीला आले!" माझा दंड धरला आणि मी नको नको म्हणेस्तोवर मला स्टेजवर नेलं. हार पडला. माईक हातात घेऊन मामाच बोलायला लागले, "मंडळी, हे आमचे भाडेकरू, देशपांडे साहेब! माणूस असा पाहिजे! आता ते दोन शब्द बोलतील!"

टाळ्यांचा कडकडाट! कसंबसं म्हणालो, "बंधुभगिनींनो…"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"अवं! तुमी देशपांडे कवा झाले?"

कमल! हातात ट्रंक, काखेत गाठोडं. वाट बघून कंटाळली आणि सकाळच्या गाडीनं निघून आली होती. जयंतीच्या दिवशी नवरा कुठं सापडंल, हे तिला पत्त्याशिवाय माहीत होतं.

"आन तुमी देशपांडे, तर मग मी कोण?"

सगळा मंडप हसायला लागला. हसले नाहीत ते फक्त मामा. गेली खोली, मी मनात म्हणालो. कमलला घेऊन आता पुन्हा धर्मशाळा.

"म्हंजे तुमी आपलेच?" मामांनी विचारलं.

"व्हय मामा."

"आन तुमच्यापायी आमी घरातली बुद्धाची मूर्ती कणगीमागं ठेवली!"

मामी खालून ओरडली, "आन मी! दारं लावून रस्सा शिजवू शिजवू घामानं न्हाऊन निघाले!"

"पण काहून लपवलं, मामा?"

मामा हळू आवाजात म्हणाले, "आधीची दोन बिऱ्हाडं आमी कोण ते कळल्यावर सामान घेऊन गेली, बाबा. म्हणलं, हे लेकरू तरी टिकावं."

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! आपल्याच माणसाला मी त्याच्या घरात चोरासारखं राहायला लावलं होतं. मान वर होईना.

"मामा… खोलीचं…"

"खोली देशपांड्यांना दिली होती. ते तर गेले." मामा कमलकडं वळले. "बाई, तुझं नाव काय?"

"कमल सरकटे!" मंडपाच्या पार टोकाला ऐकू जाईल असं सांगितलं तिनं. ना अडखळली, ना इकडंतिकडं बघितलं.

"खोली तुझी. चल."

मामीनं तिची ट्रंक घेतली आणि तिघं घराकडं निघाले. मी हार गळ्यात घालून मागं मागं.

बरीच वर्षं राहिलो हो तिथं. आमची थोरली त्याच खोलीत रांगली, मामीच्या मांडीवर वाढली. हिंगोली सोडताना कमल आणि मामी गळ्यात पडून रडल्या, मी आडापाशी जाऊन रडलो. तसं प्रेम आता कुठल्या घरमालकाकडं मिळायचं?

पण मामांनी हिशेब काही सोडला नाही. कचेरीतलं कुणी दारात येऊन विचारायचं, "सरकटे साहेब इथंच राहतात ना?"

मामा बाजेवरून उठायचे सुद्धा नाहीत.

"साहेबाचं ठाव न्हाई बुवा. खोली कमलबाईची हाय. त्यांच्या वळखीवर एक माणूस बी राहतो."