डबाभर गॅस

माझे वडील आपलं काहीही दुसऱ्याकडे राहू देत नसत. शिंप्याकडून सदऱ्याबरोबर कापडाच्या चिंध्या आणत, रंगाऱ्याकडून डब्याच्या तळाचा रंग. गाडीचं ऑइल बदललं की रिकामा डबा घरी आणून त्याला खिळ्यानं भोक पाडत, नाहीतर त्यात कुणीतरी भेसळीचं ऑइल भरून विकेल. ऑडिटर होते. निवृत्त झाले ते फक्त कचेरीतून. घरी आम्ही होतोच तपासायला.

त्या उन्हाळ्यात आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तिला उकाड्यात अजिबात नेऊ नका, धाप लागली तर हृदयावर ताण येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तपासणीला तर न्यावंच लागणार, आणि गाडीचा एसी गरम हवा फेकत होता. त्यात गॅस भरायचं ठरलं. वडिलांनी नाना पेठेतून गॅसचा मोठा डबा स्वतः विकत आणला, म्हणजे गॅरेजवाल्याला काही खायला जागा नको.

मार्केट यार्डामागच्या गॅरेजात मी सोबत होते. मेकॅनिकनं एसीतला जुना गॅस काढला, मशीननं आतली हवा ओढून घेतली आणि डबा वजनकाट्यावर ठेवला. गॅस किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तेवढा भरून झाल्यावर त्यानं कॉक बंद केला.

वडिलांनी डबा उचलून कानाशी हलवला. आत अजून खळखळत होतं.

उरलेला दुसऱ्याच्या गाडीत घालणार ना, असं त्यांनी सरळ तोंडावर विचारलं. मेकॅनिक म्हणाला, काका, घरी घेऊन जा. घरी नेऊन काय करू, वरणात घालू, असं वडील म्हणाले. जास्त झाला तर एसी उलट बंद पडेल, हेही त्यानं सांगून पाहिलं. मी मध्ये बोलले तर मलाच गप्प केलं.

"चहात साखर जास्त घातली की चहा कमी गोड होतो का हो?" वडील म्हणाले.

मेकॅनिकनं कॉक पुन्हा उघडला. "घ्या. तुमचा गॅस, तुमची गाडी." डबा संपेपर्यंत तो गालातल्या गालात हसत होता. मला त्याच्याही एक कानशिलात द्यावीशी वाटली. वडिलांनी रिकामा डबा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला तपासून परत आणत होतो. वडील गाडी चालवत होते, आम्ही दोघी मागे. रस्ता मोकळा होता तोवर बरं गार लागत होतं. स्वारगेटच्या आधी गाड्या तुंबल्या आणि एसीच्या झरोक्यांतून गरम हवा यायला लागली. आईनं काच खाली घेतली. वडिलांनी पुढून बटण दाबून ती वर केली आणि मागच्या काचा लॉक करून टाकल्या.

"एसी चालू आहे. गार बाहेर जातं."

गार कुठे आहे, मी विचारलं. त्यांच्या स्वतःच्या मानेवरून घामाचे ओघळ कॉलरमध्ये जात होते. आई पदरानं वारा घेत होती, तिचे ओठ कोरडे पडले होते आणि श्वास अर्ध्यावर तुटत होता. बाबा, तिला धाप लागलीय, मी ओरडले. त्यांनी आरशातून तिच्याकडे बघितलं.

"पूर्ण डबा भरलाय, माझ्या डोळ्यांसमोर. हिला गार लागत नसेल, तर तो हिच्या अंगाचा दोष."

मला त्या क्षणी त्यांचा तिरस्कार वाटला. तो अजूनही वाटतो. उन्हाळा आला की जास्त वाटतो.

सिग्नल लाल होता. आईनं हात लांब करून दार उघडलं, छातीच्या टाक्यांवर तळहात दाबला आणि उतरली. संसारात तिनं त्यांना कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. दाराला धरून ती वाकली.

"तुम्ही बसा गारात," ती म्हणाली.

मी धावत तिच्या मागे गेले. शेजारीच एक रिक्षा उभी होती. आत बसल्यावर आईनं डोळे मिटले. सिग्नल सुटला, दोन्ही बाजूंनी गरम का होईना, वारा लागला, आणि हळूहळू तिचा श्वास पूर्ण व्हायला लागला. मागून हॉर्न वाजू लागला. वडील होते, चारही काचा बंद, चेहरा लालबुंद. प्रत्येक चौकात ते आमच्या मागे येऊन थांबत आणि हॉर्न वाजवत, पण काच काही खाली घेत नव्हते.

रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं. "मावशी, मागचे ते काका तुमच्यातलेच का? थांबवू?"

आईनं मान वळवून मागे बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "चला तुम्ही."