अल्पनाच्या तालमी

देवासात मराठी नाटक व्हायचं म्हणजे त्यात अल्पना असायचीच. दिवसा शाळेत गणित शिकवायची, संध्याकाळी तालमीला उभी राहायची. रंगमंचावर तिचा चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, असं लोक म्हणत.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहिलं तर डावा गाल ओघळलेला, डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं. अल्पनाचं अर्धंच झालं. डोळा मिटायला लागला, ओठ वाकडाच राहिला. प, ब, म म्हणताना ओठ जुळत नसत आणि अक्षर नुसतीच हवा होऊन निघे.

पाडव्याच्या नाटकातलं तिचं काम दुसऱ्या बाईंना दिलं. तिला विचारूनच दिलं आणि तीही हो म्हणाली. प्रयोगाला मात्र गेली नाही. उन्हाळ्यात माहेरी, धारला, आईकडे आली आणि रजा वाढवत तिथेच राहिली. बाहेर पडताना ओढणीनं तोंड झाकून घेई.

श्रावणात तात्या घरी आले. धारच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव तेच बघत. मुलांचं नाटक बसवायला या वर्षी कुणी नव्हतं.

“तात्या, या तोंडानं?”

“अगं, पोरांना मराठी धड वाचता येत नाही. तू म्हणून दाखव, ती ऐकून पाठ करतील.”

ती गेली. नाटक एका आईचं, जिचं मूल जत्रेत हरवतं. आईचं काम नऊ वर्षांच्या स्वानंदीकडे होतं. अल्पनानं ‘माझं बाळ भुकेलं असेल, बाप्पा’ हे वाक्य म्हणून दाखवलं आणि स्वानंदीनं ते उचललं. ओठ डावीकडे ओढून ती म्हणाली, “वाझं वाळ हुकेलं असेल, वाफ्फा.”

कुणी हसलं नाही. पुढच्या मुलांनीही आपापली वाक्यं तशीच तोंड वाकडं करून म्हटली. दुःखातली माणसं अशीच बोलतात, असं त्यांना वाटलं होतं.

अल्पना तालीम सोडून घरी आली. “माई, मी त्यांची तोंडं वाकडी केली,” एवढंच आईला सांगून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्वानंदी दारात आली.

“मावशी, हमने गलत किया क्या?”

“नाही गं. माझं तोंडच तसं आहे. आजारानं झालंय.” हे तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी स्वतःहून सांगितलं.

“दुखतं?”

“नाही.”

“तो फिर सही कैसे बोलते, वो कौन बताएगा?”

स्वयंपाकघरातून माई म्हणाली, “मी म्हणून दाखवीन.”

जन्मात रंगमंचावर पाय न ठेवलेली माई तालमीला येऊन बसली. शब्द तिचे स्वच्छ, पण चाल आरतीची. मुलं खुसखुसली.

“माई, तुझं बाळ हरवलंय,” अल्पना म्हणाली.

माईनं ते वाक्य पुन्हा म्हटलं आणि तिचा आवाज फुटला. अल्पनाच्या आधीचा तिचा मुलगा तापात गेला होता. घरात त्याचं नावही कुणी काढत नसे. अल्पनानं आईचा हात धरला, पण तालीम थांबवली नाही.

प्रयोगाच्या दिवशी स्वानंदी त्या वाक्यापाशी थांबली. अल्पना विंगेत घाबरली, पोरगी विसरली की काय. पण ती विसरली नव्हती. समोरच्या गर्दीत ती खरंच कुणाला तरी शोधत होती. मग हळूच बोलली. हे थांबणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःला मिळालेल्या कुठल्याच टाळ्यांनी अल्पना इतकी भरून पावली नव्हती, आणि तिथेच विंगेत तिला हेही कळलं की त्या उजेडात ती स्वतः पुन्हा उभी राहणार नाही.

त्या हिवाळ्यात माई गेली. अल्पना देवासला परतली, शाळेत रुजू झाली. अजूनही ती दर रविवारी मुलांच्या तालमी घ्यायला बस बदलत धारला जाते. मुलं कमी होत चालली आहेत. मोठी झाली की क्लाससाठी इंदूरला जातात. स्वानंदीही गेली. नवरा धीरज विचारतो, “चार पोरांसाठी इतकी धावपळ कशाला?”

“त्या दोन तासांत मला माझं तोंड आठवत नाही,” ती म्हणते.

परवा एका मुलीच्या आईनं सहज विचारलं, “आता स्वतः काम करावंसं नाही ना वाटत?”

“वाटतं की. रोज वाटतं,” अल्पना म्हणाली आणि मुलांना वाक्य पहिल्यापासून घ्यायला सांगितलं.