बर्फाची गाडी आणि तापलेला काटा

मे महिन्यात आमच्याकडे सावलीसुद्धा झाडाच्या बुंध्याला चिकटून बसते, उन्हात पाय टाकत नाही. अशा महिन्यात माझ्या मुलीचं लग्न अकोल्यात ठरलं आणि मी विहीणबाईंना पॉटच्या आइस्क्रीमचा शब्द देऊन बसलो.

"अकोल्यातला बर्फ तं लग्नसराईनं खाऊन टाकला," त्या म्हणाल्या. "तुमी कुठून आनता?"

"अमरावतीहून आनतो. घरचा ट्रक हाय!" मी छाती फुगवून म्हणालो. म्हणजे आता बर्फ नाही पोचला तर मुलीच्या सासरी माझी जन्मभराची शोभा.

लग्न संध्याकाळचं. सकाळी अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात बर्फाच्या लाद्या भरल्या, त्यावर भुसा पसरला, वर ताडपत्री बांधली. चालवायला माझा साळा. उन्हाशी लढायला या माणसाकडे एकच हत्यार: ओलं गोणपाट. मडक्याला गोणपाट, खिडकीला गोणपाट, कूलर बिघडला तर कूलरलाही गोणपाट.

मूर्तिजापूरच्या अलीकडे इंजिनाचा काटा लाल पट्टीत घुसला, बजर किंचाळला. आजकालच्या गाड्या फार शहाण्या. इंजीन तापलंय असं वाटलं की आपणहून जोर कमी करतात. मागून आलेल्या बैलगाडीनं आम्हाला ओव्हरटेक केलं. बैलानं वळून पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो.

एका चहाच्या टपरीशी थांबलो. मागून बर्फाचं पाणी टपटप गळू लागलं.

"भाऊजी, इंजीन गेलं!"

"अबे, पान्याच्या पाइपाले हात लावून पाह्य."

"गरम हाय. पन हात ठेवता येते."

"खरंच तापलं असतं तं तुया हात अकोल्यात जाऊन पडला असता. काटा खोटं बोलून रायला."

पण खोटं नेमकं बोलतंय कोण? काट्याला पाण्याची गरमी कळवणारा सेन्सर, की त्याची वायर? साळ्यानं निघतानाच इंजिनावर पांघरलेलं ओलं गोणपाट मी बाजूला फेकलं, बोटभर सेन्सर काढला आणि भोकात चिंधी कोंबली. वायरीच्या टोकाची, सेन्सरवर बसणारी टोपी पुसून वायर पुन्हा जोडली आणि सेन्सर बर्फात बुडवला. काटा झोपला. मग टपरीवरचा चहाचा उकळता भगोना इंजिनाशी आणून सेन्सर त्यात सोडला.

टपरीवाले चाचा धावून आले. "अरे मियाँ, मेरी चाय का बुखार नाप रहे क्या?"

"बस, एक मिनट, चाचा!"

काटा वर चढला आणि उकळत्या पाण्याला शोभेल तिथंच थांबला. सेन्सर हरिश्चंद्र निघाला!

तो परत बसवला, इंजीन सुरू केलं. काटा मधोमध, शहाण्या पोरासारखा. नासलेल्या चहाबद्दल मी चाचांची समजूत घालत होतो, तेवढ्यात बजर पुन्हा किंचाळला. पाहतो तर साळ्यानं मोठ्या मायेनं गोणपाट परत इंजिनावर पांघरलेलं, आणि वरून तांब्यानं बर्फाचं पाणी ओतणं चालू. पाणी पडलं की काटा वर!

"अबे, हे गोनपाट कुठचं?"

"मिठाच्या गोनीचं. आइस्क्रीमसाठी मीठ आनलं ना आपन. काहून?"

घ्या! खारट पाण्यातून वीज धावते. ते सेन्सरच्या टोपीत शिरून दोन पिनांमध्ये पूल बांधत होतं आणि काट्याला वाटत होतं, इंजीन पेटलं. हा जितकं इंजीन थंड करी, तितका काटा तापे.

"मी तं थंडच करून रायलो होतो ना, भाऊजी!"

टोपी पुसून, फुंकून खडखडीत कोरडी केली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि निघालो. अकोल्यापर्यंत काटा जागचा हलला नाही. पण निम्म्या लाद्या आम्ही रस्त्याला पाजल्या होत्या.

उरलेल्या बर्फात आइस्क्रीम जेमतेमच जमलं; मांडवात वाट्या फिरल्या, पण आत चमचाभरच. विहीणबाईंच्या हातात मी स्वतः वाटी दिली. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"इवाईबुवा, हे खायाले देल्लं का चाखाले?"

"लई गार हाय, विहीनबाई. एकदम जास्त खाल्लं तं बाधते."

त्यांनी आपली वाटी रिकामी केली, माझ्या हातातली माझी वाटीही काढून घेतली आणि उभ्याउभ्याच संपवली.

"बाधू द्या," त्या म्हणाल्या. "पोरगी कशी भरल्या हातानं पाठवली, तशी वाटीबी भरूनच पाठवाची होती."