सध्या साखर

वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीने आज माझा डबा परत आणला. धुतलेला, तरी लसणाच्या चटणीचा वास होताच.

मी कॉलेजात नवी होते, तेव्हा आईचा डबा एसटीने स्वारगेटला यायचा. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जायचं. डब्यातल्या लसणाच्या चटणीने धीर यायचा. एकदा डबा परत पाठवायला निघाले, तर सदाशिव पेठेतल्या घरमालकीण काकूंनी दारातच अडवलं.

"रिकामा पाठवतेस? वा!"

"माझ्याकडे द्यायला काय आहे, काकू?"

"सध्या काही नाही, दिसतंय. साखर घाल." आणि त्यांनीच वाटी पुढे केली.

तेव्हा टोमणा लागला होता. त्या 'सध्या'तला भरवसा फार उशिरा कळला.

"मॅडम, डबा रिकामाच आहे," मुलगी ओशाळून म्हणाली.

मी साखरेची वाटी तिच्यापुढे सरकवली. "सध्या साखर घाल."