पाण्यातलं पुढचं पाऊल

वैशाखात वर्धा नदी आटून गुडघ्या-मांडीएवढी झाली, की गावातल्या बायका हौसेनं शिंपल्या काढायला उतरतात. विकायच्या नसतात त्या. घरी झणझणीत रस्सा करायचा, शेजारी वाटीभर द्यायचा, एवढंच. त्या रांगेत दरवर्षी सगळ्यांच्या पुढं प्रभावतीबाई असत. हा मान त्यांनी मागून घेतला नव्हता. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी चिखलातली शिंपली त्यांच्या तळव्याला इतरांच्या आधी लागली, आणि तेव्हापासून बायका त्यांच्या पावलावर पाऊल टाकत आल्या.

शिंपली डोळ्यांना दिसत नाही. पाणगवताच्या मुळाशी ती रुतून बसते, तिची धार तळव्यालाच कळते. पायाखालची जमीनही तळव्यालाच कळते. रेती उपसणाऱ्यांनी नदीत खड्डे पाडल्यापासून तर ते फारच गरजेचं झालं होतं. वाहून आलेलं गवत खड्ड्यावर तरंगत राहतं, वरून अगदी रुजल्यासारखं. त्यावर भरवसा ठेवला की माणूस आत गेलाच.

आणि यंदा बाईंच्या तळव्यांना काहीच कळत नव्हतं. साखरेच्या आजारानं आधी बोटं बधिर झाली, मग टाचा. एकदा दुकानातून परतल्यावर सून दीपानं विचारलं होतं, "आई, एक चप्पल कुठी गेली?" ती वाटेत कधी निसटली, याचा बाईंना पत्ताच नव्हता. "जुनी झालती, टाकून देल्ली," त्या म्हणाल्या. कुणी एकच चप्पल टाकून देतं का?

"गंगामाय, सांभाळ वो," म्हणत बाईंनी पाण्याला हात लावला आणि त्या उतरल्या. मागं दीपा, तिच्या मागं तांड्यावरची त्यांची मैत्रीण सुखीबाई, मग बाकीच्या. सांगावं की न सांगावं, हे बाईंच्या मनात सकाळपासून चाललं होतं. सांगितलं तर रांग दुसरीच्या मागं जाणार. न सांगितलं आणि एखादी खड्ड्यात गेली तर? वाट तर पाठ आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"काहून वो प्रभावती, आज मुंगीवानी चालून राह्यली?" सुखीबाई मागून ओरडली. "रस्सा आज खायचा हाय का दिवाळीले?"

"तुह्या दातांनं चावता चावता दिवाळीच येते!"

बायका खळखळून हसल्या. तेवढ्यात दीपा म्हणाली, "आई, थांबा. पाणी लाल होऊन राह्यलं."

"कोणाले लागलं वो? पाय पाहा आपापले!" बाई मागं वळून म्हणाल्या.

एकेकीनं पाय उचलून पाहिला. कुणालाच लागलं नव्हतं. दीपा वाकली आणि तिनं सासूचाच पाय पाण्याबाहेर काढला. तळव्यात फुटक्या शिंपलीचा तुकडा खोल रुतला होता.

"तुमाले समजलं नाही?"

बाई त्या पायाकडे, तो परक्याचा असल्यासारखं, पाहत राहिल्या.

"संक्रांतीपासून नाही समजत," त्या हळूच म्हणाल्या.

"अन् तशीच आमाले घेऊन चालली व्हय?" सुखीबाईच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

"चुकलं माय माह्यं." बाईंनी सगळ्यांना हात जोडले. मग दीपाला म्हणाल्या, "तू हो समोर."

"मले नाही जमत."

"जमते. गवत पायाच्या अंगठ्यात धरून ओढ. तटलं, तर खाली जमीन हाय. पायासंगं आलं, तर मागं सरक."

दीपानं त्यांना काठावर बसवलं, तुकडा काढून जखम घट्ट बांधली आणि ती पाण्यात गेली. बायका तिच्या मागं लागल्या.

मधल्या धारेजवळ ती एकदम थबकली. गवताचा झुबका तिच्या अंगठ्यासोबत अलगद निघून आला होता. "मागं सरका!" ती ओरडली.

बाई काठावर अर्ध्या उठल्या. 'उजवीकडे वळ,' हे शब्द ओठांवर आले होते. पण उजवीकडे यंदा काय आहे, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? त्या पुन्हा खाली बसल्या. दीपानं पाण्याखाली पाय चाचपून पाहिला, आणि ती डावीकडे वळली. तिच्या मागोमाग एकेक बाई वळत गेली.